पेट्रोल वर येईना

उडदावण्याच्या पुढचा चढ लागला आणि गाडीने दुसऱ्यांदा मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर ओढायची, मग एकदम ढिली पडायची. पहिल्यांदा हे पांजऱ्याजवळ झालं होतं. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं होतं, मला वाटलं पंपात पेट्रोलची वाफ धरली असेल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हा त्रास होतोच. पंप इंजिनलाच बोल्टने बसवलेला असतो, इंजिनच्या उष्णतेने त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. आम्ही बॉनेट उघडलं, पंपावर ओलं फडकं टाकलं, वीसेक मिनिटं थांबलो. गाडी सुरू झाली, सपाटीला नीट पळाली, आणि मी तो विषय मनातून काढून टाकला. ते चुकलं.

बरोबर भाचा होता. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला घाटघरचा उदंचन प्रकल्प पाहायचा होता आणि मला भंडारदऱ्याच्या जलाशयाला पूर्ण फेरी मारायची होती. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी. पुण्याहून पहाटे निघून संगमनेर-अकोले-राजूर करत शेंडीला पोचलो तेव्हा धरणाच्या भिंतीवर ऊन आलं होतं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत शंभरीला टेकली आहे. पण आम्ही तिथे रेंगाळलो नाही. शनिवारची गर्दी वाढायच्या आत घाटघर गाठायचं होतं.

गाडी जिप्सी, १९९८ सालची. १,२९८ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटरचं. ही गाडी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली. जिप्सीला २००० साली इंजेक्शनचं इंजिन आणि टाकीत बुडालेला विजेचा पंप मिळाला. माझी त्याच्या आधीची. पंधरा वर्षं भरल्यापासून दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून घेते, पर्यावरण कर भरते, ब्रेक आणि स्टेअरिंगच्या बाबतीत कधी हयगय करत नाही. पेट्रोलच्या पंपाकडे मात्र इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. जे मुकाट चालतं त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

चढाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं ते पडलंच. उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे. पावसाने धुतलेली हवा, त्यामुळे कातळातल्या भेगासुद्धा मोजता येत होत्या. खाली भातखाचरं पिवळी पडू लागलेली, बांधावर उशिराची सोनकी. चाकांमागे दगड लावले आणि आम्ही कामाला लागलो.

बंद पडलेल्या पेट्रोल गाडीला दोनच गोष्टी विचारायच्या: ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का. एक प्लग काढून, त्याच्या वायरीला लावून इंजिनच्या धातूवर टेकवला. भाच्याने स्टार्टर मारला. ठिणगी निळी, खणखणीत. मग प्लग परत बसवून कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवली, बाटलीत धरली, पुन्हा स्टार्टर. थेंब नाही. टाकीत पंचवीस लिटरच्या वर पेट्रोल, आणि नळी कोरडी. फिल्टर काढून फुंकला, तो मोकळा. टाकीकडून येणाऱ्या नळीत फुंकर मारली तर मागे टाकीत बुडबुड ऐकू आली, म्हणजे तीही मोकळी. मधे उरला पंप.

तेवढ्यात मागून प्रवासी जीप आली. पुढे चौघे, मागे दहा-बारा, टपावर तांदळाची पोती. चालक साठीचे असतील. गाडी न थांबवताच त्यांनी विचारलं, "काय झालं ताई?"

"पेट्रोल वर येईना."

"ऑइल बघितलं?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. पेट्रोल, ऑइल नाही, असं मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "माणसं सोडून येतो. तोवर स्टार्टर मारू नका." आणि गेले.

अर्ध्या तासाने खरंच परत आले, रिकामी जीप घेऊन. आधी डिपस्टिक ओढली. फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली आणि माझ्या नाकापुढे धरली. वरच्या खुणेच्या बोटभर वर पातळी, आणि वास पेट्रोलचा. ऑइल बोटाला चिकटत नव्हतं, पाण्यासारखं ओघळत होतं.

"पंपाचा पडदा फाटलाय. पेट्रोल वर जायच्या ऐवजी खाली इंजिनात उतरलंय. अशीच दामटली असती तर बेअरिंगं गेली असती."

हे समजायला पंप समजून घ्यावा लागतो, आणि तो कळायला अजिबात अवघड नाही. तळहातावर मावेल एवढी धातूची डबी. आत रबर चढवलेल्या कापडाचा पडदा, त्याच्या खाली स्प्रिंग, वर दोन बारक्या झडपा. एक पेट्रोल आत घेते, दुसरी बाहेर सोडते. इंजिनच्या माथ्यातला कॅमशाफ्ट फिरताना त्याच्यावरचा उंचवटा पंपाच्या दांड्याला ढकलतो, पडदा खाली ओढला जातो, टाकीतलं पेट्रोल आत येतं. उंचवटा सरला की स्प्रिंग पडद्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. वीज नाही, सेन्सर नाही. पडद्याच्या वर पेट्रोल आणि खाली इंजिनचं ऑइल. दोघांत आडोसा फक्त त्या कापडाचा. ते चिरलं की दोन गोष्टी एकदम होतात: कार्ब्युरेटर उपाशी राहतो आणि ऑइल पातळ होतं. पहिली गोष्ट गाडी थांबवून सांगते. दुसरी सांगत नाही, म्हणून ती जास्त घातकी. पांजऱ्याला गाडी का सुधारली होती तेही आता उलगडलं. चीर लहान होती, सपाटीला लागतं तेवढं पेट्रोल कसंबसं पोचत होतं. चढाला इंजिन जास्त मागू लागलं की पुरत नव्हतं. ओल्या फडक्याचा त्यात काही हात नव्हता.

पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकून कळावं म्हणून पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक ठेवलेलं असतं. आमच्या पंपाचं ते भोक वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि तेलाने लिंपून गेलं होतं. दिवाळीला गाडी धुताना एक ब्रश तिथे फिरवला असता तर हा चढ आम्ही पंचवीस मिनिटांत पार केला असता.

काकांनी (भाचा त्यांना लगेच काका म्हणू लागला) जीपमागे दोर बांधून आम्हाला घाटघरात नेलं, त्यांच्या अंगणात. पुढचे दोन तास मी त्यांच्याकडून शिकत होते. आधी इंजिनखाली घमेलं ठेवून सगळं ऑइल काढलं. ते ओढ्याकडे जाऊ नये म्हणून मी म्हणायच्या आतच त्यांनी झाकणाचा कॅन आणला होता. मग घरातून पाच लिटरचा, सील न फोडलेला डबा. स्वतःच्या जीपसाठी आणून ठेवलेला. डिझेल इंजिनचं ऑइल, पण राजूरपर्यंत चालेल म्हणाले. जिप्सीला साधारण साडेतीन लिटर लागतं. तेवढं भरलं.

आता प्रश्न पेट्रोल वर चढवण्याचा. ते म्हणाले, "चढवायचं कशाला? वरूनच सोडू."

पंपाकडे येणारी टाकीची नळी सोडवून तिच्या तोंडात बोल्ट बसवला आणि क्लिप आवळली, म्हणजे फाटक्या पडद्यातून आणखी थेंब इंजिनात उतरायला नको. टाकीखालचा ड्रेन नट सैल करून पाच लिटरचा कॅन भरून घेतला. कॅनच्या झाकणाला दोन भोकं: एकातून तळापर्यंत नळी, दुसरं हवेसाठी. कॅन काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला, हुडाच्या पाइपाला दोरीने जखडला. नळी सायलेन्सरच्या उलट बाजूने, कशालाही घासणार नाही अशी आत घेऊन थेट कार्ब्युरेटरला. कार्ब्युरेटरला फार जोर लागतच नाही. त्याच्या वाटीत पेट्रोल भरलं की तरंगणारा गोळा वर येतो आणि आपणच तोंड बंद करतो. हातभर उंचीवरून उतरणारं पेट्रोल त्याला पुरतं. स्टार्टर मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि संथ, एकसारखं चालू राहिलं.

हे करून पाहा असं मी कुणाला सांगणार नाही. उघड्या कॅनमधलं पेट्रोल तापलेल्या इंजिनच्या वर बांधून चालणं धोक्याचं आहे. आम्ही ते केलं कारण रस्त्यावर वर्दळ नव्हती, ताशी वीस-पंचवीसच्या वर जायचं नव्हतं, भाच्याच्या मांडीवर आग विझवायचं नळकांडं होतं आणि पुढे काकांची जीप होती. ते स्वतः राजूरच्या फेरीला निघालेच होते.

निघण्यापूर्वी त्यांच्या घरी नाचणीची भाकरी आणि भोपळ्याची भाजी खाल्ली. अंगणातून वरच्या धरणाचं पाणी दिसत होतं. भाचा जे पाहायला आला होता तेच. घाटघरला दोन जलाशय आहेत. एक इथे पठारावर, प्रवरेच्या उगमाकडच्या पाण्यावर. दुसरा कोकणकड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्याच्या अंगाला. मधे सुमारे ४०० मीटरचा कडा. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचं पाणी बोगद्यातून खाली सोडतात आणि १२५ मेगावॅटचे दोन संच फिरतात. मागणी उतरली की तेच संच उलटे चालवून पाणी पुन्हा वर चढवतात. २००८ पासून हे चालू आहे. भाच्याने काकांना ते आकडे सांगितले. काका म्हणाले, "मी कामावर होतो ना तिथं. जीप चालवायचो, इंजिनियर लोकांना न्यायला." मग त्यांनी त्याला सांगितलं, बांधकामाच्या काळात पावसात रस्ता वाहून जायचा, गाड्या आठ-आठ दिवस अडकायच्या, आणि अडकलेल्या गाड्यांवरच ते सगळं शिकले. घाटघरला पाऊस पडतो म्हणजे काय, हे नकाशावरच्या आकड्यावरून कळत नाही. जुलैत चार हातांवरचं माणूस दिसत नाही.

ऑइलचे पैसे द्यायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत. भीड म्हणून नव्हे. "पैसे घेऊन काय करू? ऑइल आणायला राजूरलाच जायचं. तुम्ही परत इकडूनच जाणार ना? डबा आणून द्या."

राजूरला पोचेपर्यंत चार वाजले. चाळीसेक किलोमीटर, कॅनच्या तळाशी बोटभर पेट्रोल उरलेलं. मिस्त्रींचं गॅरेज बाजारपेठेच्या कडेला: पत्र्याचं छप्पर, तीन जीपगाड्या, एक ट्रॅक्टर. ते कॅनकडे पाहून हसले नाहीत, नळी कुठून घेतली आहे ते वाकून पाहिलं आणि "नीट बांधलंय" म्हणाले. पंप त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी संगमनेरच्या दुकानात फोन लावला, गाडीचं साल सांगितलं, कार्ब्युरेटरचं इंजिन असं दोनदा सांगितलं, "पॅकिंग आणि मधला ठोकळा बरोबर दे" म्हणाले. पंप सकाळच्या एसटीने येईल असं ठरलं. रात्र राजूरला काढली.

सकाळी नऊला स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून खोका घेतला. अकराशे रुपयांचा पंप, हातात घेतला तर मोठ्या पेरूएवढा. भाचा तो उलटसुलट फिरवून बघत राहिला. त्याने आतापर्यंत जेवढे पंप पाहिले होते ते आकृतीत किंवा बंद डब्यात. हा दांडा अंगठ्याने दाबला की झडपांमधून हवेचा फुसकारा ऐकू येत होता.

बसवायचं काम तासाभराचं, पण त्यात एक गोष्ट आहे जी मला कुठल्याच मेकॅनिकने आजवर करून दाखवली नव्हती. जुना पंप दोन बोल्टवर होता, बाराच्या पान्याने सुटला. तो निघाल्यावर मिस्त्रींनी नवा लगेच लावला नाही. त्यांनी गाडी चौथ्या गियरमध्ये टाकली आणि भाच्याला म्हणाले, "ढकल हळू." चाकं फिरली तशी इंजिनही आतून फिरलं. ते भोकात बोट घालून कॅमशाफ्टचा उंचवटा चाचपत होते. तो पलीकडे गेला, सपाट बाजू समोर आली, तेव्हा "बस" म्हणाले. उंचवटा पुढे असताना पंप लावायला गेलं तर त्याची स्प्रिंग तो बाहेर रेटते. मग माणूस बोल्ट आवळून त्याला जागेवर ओढायला बघतो. इंजिनचा माथा ॲल्युमिनियमचा. आटे तिथेच जातात. आटे गेले की अकराशेचं काम पंधरा हजारांवर जातं.

जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे त्यांनी ब्लेडने, पृष्ठभागाला ओरखडा न येऊ देता, खरवडून काढले. त्याआधी भोकात फडकं कोंबलं, कचरा आत जाऊ नये म्हणून. पंप आणि इंजिन यांच्या मधे येणारा ठोकळा उष्णता अडवण्यासाठी असतो, तो चिरला आहे का ते उजेडात धरून पाहिलं. दोन्ही बोल्ट आधी हाताने, मग एक-एक पीळ आलटून पालटून. नळ्या तिन्ही नव्या घेतल्या: टाकीकडून येणारी, कार्ब्युरेटरला जाणारी आणि जास्तीचं पेट्रोल टाकीला परत नेणारी. मग कार्ब्युरेटरची नळी बाटलीत धरून स्टार्टर. पहिले चार-पाच झटके नुसती हवा. नंतर पेट्रोल आलं, एकेका ठोक्याला एकेक चूळ. भाचा मोठ्याने ठोके मोजू लागला.

ऑइल पुन्हा बदललं, फिल्टरसकट. जुना फिल्टर पेट्रोल प्यालेला होता, तो ठेवण्यात अर्थ नव्हता.

गाडी चालू ठेवून मिस्त्रींनी जुना पंप व्हाइसमध्ये धरला आणि करवतीने कडेची घडी कापून उघडला. त्यांना गरज नव्हती, भाच्यासाठी उघडला. पडदा काढून उन्हात धरला. रबर ताठ झालं होतं, वाळल्या पापडासारखं, आणि कडेला नखभर लांबीची चीर, तिच्यातून उजेड आरपार. "बघ," ते म्हणाले, "एवढीच." भाच्याने तो पडदा कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

सत्तावीस वर्षांत रबर ताठणारच, त्यात कुणाचा दोष नाही. पण आता आणखी एका गोष्टीचा विचार जुन्या गाड्यांच्या मालकांनी करायला हवा. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्या काळी त्याचा विचार करून बनवलेलं नाही. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि पॅकिंग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. माझ्या पडद्याला वयाने फाडलं की इथेनॉलने, हे तो पडदा पाहून ठरवता येणार नाही. पण नवीन नळी घेताना इथेनॉल सोसणारीच मागून घ्यावी, हे मिस्त्री ज्या गांभीर्याने सांगत होते ते मला पटलं. त्यांच्याकडे महिन्याला दोन-तीन मोटारसायकली रबर फुगलेल्या अवस्थेत येतात.

मला या दोन दिवसांत जे सतत जाणवत राहिलं ते पंपापेक्षा मोठं आहे. शहरात माझ्या गाडीला हात लावायला लोक कचरतात. संगणक जोडायला जागा नाही म्हणून परत पाठवतात. इथे मात्र एका चालकाने गाडी न थांबवता अचूक प्रश्न विचारला, कारण इथल्या वाड्यावस्त्यांवरची माणसं, आजारी, बाळंतिणी, शाळेची पोरं, तांदूळ, सगळं जुन्या जीपगाड्यांमधून जातं आणि त्या गाड्या बंद पडून चालत नाही. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही आणि ती पुढच्या पिढीकडे जाताना दिसत नाही. काकांचा मुलगा नाशिकला कारखान्यात आहे. मिस्त्रींकडे पूर्वी तिघे शिकायला होते, आता एकही नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. गाडी जुनी झाली की भंगारात जाते, त्याला इलाज नाही. पण बोटाने कॅमचा उंचवटा चाचपणारा माणूस गेला की तो हात पुन्हा तयार होत नाही.

दुपारी आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. पाच लिटरचा नवा डबा, त्याच प्रतीचा, मागच्या सीटवर. उडदावण्याचा चढ जिप्सीने तिसऱ्या गियरमध्ये, एकदाही मान न टाकता चढला. काका घरी नव्हते, फेरीवर होते. वहिनींनी डबा आत नेऊन ठेवला आणि आम्हाला चहा पाजला. भाच्याने खिशातला पडदा काढून त्यांना दाखवला, त्यांनी तो चुलीच्या उजेडात धरून चीर पाहिली आणि म्हणाल्या, "मागच्या साली आमच्याबी जीपचा गेला हुता असाच."

साम्रदवरून रतनवाडीला उतरलो तेव्हा अमृतेश्वराच्या शिखरावर शेवटचं ऊन होतं. रतनगडाची सावली जलाशयात अर्ध्यापर्यंत पोचली होती. मी देवळाच्या आवारात जायच्या आधी बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पातळी खुणेवर, वास नुसत्या ऑइलचा.

तुमच्याकडे कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर उद्या सकाळी, इंजिन गार असताना, एवढं करा: डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नका. आधी पंप बदला, मग ऑइल, मगच किल्ली फिरवा.